थंडी आणि जमिनीखालची पिके : ढोकी परिसरासाठी एक अभ्यासपाठ

प्रास्ताविक

रब्बी हंगामातील थंडी ज्वारी, हरभरा व करडई या पिकांना मानवते, हा आपल्या भागातील शेतकऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. या अनुभवामुळे थंडी म्हणजे पिकाला पोषक, अशी सर्वसाधारण समजूत रूढ झाली आहे. परंतु जी पिके आपले धन जमिनीखाली साठवितात, त्यांच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी ठरते. गाजर, मुळा व बीट यांना थंडी हवी असते. तथापि ती प्रमाणाबाहेर किंवा अवेळी मिळाली तर मूळ पोसण्याऐवजी डेंगळे निघतात. रताळे, हळद व आले यांना थंडी मुळीच सोसत नाही. पाणी गोठण्याइतका गारठा नसतानाही त्यांना इजा होते. थंडी एकच, पण पिकांची कुळे दोन व परिणामही दोन. यास्तव दोहोंवर एकच उपाय करणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्यास देण्यासारखे होय.

प्रस्तुत पाठात हा भेद कशामुळे पडतो, तो शेतात कसा ओळखावा व पेरणी, निगा, काढणी आणि साठवण यांत त्याला अनुसरून कोणता फरक करावा, याचा विचार केला आहे. हळद व आले ही शास्त्रीय दृष्ट्या मुळे नसून जमिनीखालची खोडे आहेत. परंतु थंडीच्या बाबतीत त्यांचे वर्तन रताळ्यासारखे असल्याने त्यांचा समावेश येथे केला आहे.

ढोकी परिसरातील थंडीचे स्वरूप

ढोकी हे गाव धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात बालाघाटच्या पठारी भागात, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. समुद्रापासून दूर व उंचीवर असल्यामुळे येथे हिवाळ्यात दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर पडते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, तर पहाटे तो साधारणतः १२ ते १५ अंशांपर्यंत उतरतो. उत्तरेकडील गार वारे खाली सरकले की तो १० अंशांच्याही खाली जातो. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी होऊन ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वा अधिक घटले म्हणजे हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, हवामान केंद्रातील तापमान हे जमिनीपासून सुमारे ४ फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेले असते. निरभ्र व निर्वात रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे फेकते, आणि जमिनीलगतची हवा त्या पेटीतील हवेपेक्षा दोन ते चार अंशांनी अधिक थंड होते. गाजराची व रताळ्याची पाने याच थरात असतात. म्हणून वृत्तपत्रात ९ अंश वाचले तरी आपल्या वाफ्यात ६ अंश असू शकतात. दुसरी गोष्ट अशी की, थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्याप्रमाणे उताराने वाहते व सखल जागी साचते. नदीकाठची, ओढ्यालगतची व बांधाने अडलेली खोलगट शेते माळावरील शेतांपेक्षा अधिक गारठतात. एकाच शिवारात एकाचे रताळे करपते व दुसऱ्याचे बचावते, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

थंडीने वनस्पतीत काय घडते

वनस्पतीचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे अतिशय पातळ आवरण असते व त्यातून पाणी व क्षार यांची नियंत्रित देवघेव चालते. या आवरणाचा गुण समजण्यासाठी घरातील दोन तेलांकडे पाहावे. हिवाळ्याच्या सकाळी खोबरेल तेल बाटलीत थिजून पांढरे होते. त्याच फळीवर ठेवलेले करडईचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही तेलेच, पण त्यांतील स्निग्धांशाची जात निराळी.

हीच गोष्ट पिकांची. रताळ्याच्या पेशींचे आवरण खोबरेल तेलासारखे थोड्याशा गारठ्याने ताठरते. ताठरलेल्या आवरणातून पेशीतील पाणी व क्षार पाझरू लागतात, श्वसनाचा क्रम बिघडतो आणि पेशी दुबळी होऊन बुरशीला बळी पडते. गाजराच्या किंवा बिटाच्या पेशींचे आवरण करडईच्या तेलासारखे गारठ्यातही मऊ राहते. एवढेच नव्हे, तर थंडी हळूहळू वाढत गेली असता ही पिके आवरणातील मऊ स्निग्धांश आणखी वाढवून घेतात. यास पिकाचे थंडीला सरावणे असे म्हणता येईल. सरावास काही दिवस लागतात. म्हणूनच हळूहळू वाढलेली थंडी बाधत नाही. ढगाळ, उबदार आठवड्यानंतर एका रात्रीत आलेला कडाका मात्र सोशिक पिकासही चटका देतो.

थंडीचा आणखी एक परिणाम मुळांच्या शोषणशक्तीवर होतो. गार जमिनीत मुळे पाणी सावकाश ओढतात. सकाळी ऊन चढताच पाने बाष्प टाकू लागतात व पाण्याचा पुरवठा अपुरा पडून ती माना टाकतात. अशा वेळी पीक तहानले असे समजून लगेच पाणी सोडण्याची घाई होते. प्रथम वीतभर खड्डा करून माती मुठीत दाबून पाहावी. तिचा लाडू होत असेल तर ओल पुरेशी आहे. पीक तहानलेले नसून गारठलेले आहे, आणि दहा-अकरा वाजेपर्यंत ते आपोआप सावरेल.

गार जमिनीतून स्फुरदही कमी प्रमाणात उचलला जातो, आणि पानांवर जांभळट झाक येते. स्फुरद जमिनीत जागचा हलत नसल्याने तो पेरणीपूर्वीच मुळांच्या कक्षेत द्यावा. थंडीत वाढ थांबली म्हणून युरियाचा हप्ता वाढविणे मात्र अहितकारक आहे. त्याने कोवळा पाला वाढतो व कोवळा पालाच थंडीला प्रथम बळी पडतो.

पहिले कूळ : गाजर, मुळा व बीट

गोडी व रंग. गाजराचा मूळ प्रदेश मध्य आशिया व बिटाचा युरोपचा समुद्रकिनारा होय. थंडी हा त्यांच्या जीवनक्रमाचाच भाग आहे. १५ ते २० अंश तापमानात गाजर चांगले पोसते व त्यास रंगही उत्तम येतो. उष्णता अधिक असल्यास ते आखूड व जाडसर राहते, मुळा अधिक तिखट होतो, आणि बीट कापले असता त्यात फिकट वलये दिसतात. थंडी पडू लागली की मुळातील साखर वाढते. साखर मिसळलेला रस साध्या पाण्यापेक्षा अधिक थंडीत गोठतो. म्हणजे आपल्या जिभेला लागणारी गोडी हे त्या वनस्पतीचे थंडीविरुद्धचे संरक्षण होय. डिसेंबर-जानेवारीतील गाजराची चव ऑक्टोबरातील गाजरास का येत नाही, याचे उत्तर यातच आहे.

डेंगळे येणे. ही पिके निसर्गतः मुळात अन्न साठवून, हिवाळा काढून, नंतर फुलतात. हिवाळा संपला हे त्यांना थंडीच्या दिवसांच्या बेरजेवरून कळते. काही पिकांना फुलावयास आधी थंडी मिळावी लागते, हे जर्मन शास्त्रज्ञ गासनर यांनी राय या धान्यावरील प्रयोगांनी १९१८ मध्ये दाखविले. नँटीससारख्या युरोपीय गाजरास याकरिता सुमारे ५ ते १० अंशांची थंडी सहा ते आठ आठवडे मिळावी लागते. ढोकीस इतकी सलग थंडी मिळत नाही, आणि रात्री मिळालेली थोडीफार थंडी दुपारच्या ऊबेने पुसली जाते. म्हणून नँटीस जातीचे मूळ येथे चांगले तयार होते, परंतु बी धरत नाही. तिचे बी कुलू खोऱ्यासारख्या डोंगराळ थंड प्रदेशात तयार करावे लागते. बिटाचीही स्थिती अशीच आहे. या जातींचे बी घरी धरण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ होय.

देशी गाजर व देशी मुळा यांची गोष्ट निराळी. त्यांना फुलावयास अल्प थंडी पुरते. त्यामुळे त्यांचे बी आपल्याकडे तयार होऊ शकते. पण याच गुणामुळे अवेळी डेंगळे येण्याचा धोकाही त्यांनाच अधिक. गाजराचे रोप काही प्रमाणात वाढल्यानंतरच थंडीची नोंद घेते. मुळ्याचे मात्र नुकते अंकुरलेले बीसुद्धा ती घेते. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की या नोंदीला चालना मिळून दांडा वर येतो. दांडा आला की मुळातील साखर तिकडे ओढली जाते, गाभा लाकडासारखा कठीण होतो व माल बाजारात चालत नाही. दांडा खुडल्याने मूळ पुन्हा मऊ होत नाही. तेव्हा तुरळक डेंगळे दिसू लागताच उरलेल्या पिकाची काढणी लांबवू नये. मुळ्याचे काही वाफे चुकलेच, तर डिंगऱ्यांची भाजी विकून थोडी भरपाई होते.

पेरणीचा हिशेब. भोगीच्या भाजीमुळे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाजरास मोठी मागणी असते. पुसा केसर ही देशी व नँटीस यांच्या संकरातून निवडलेली जात ८० ते ९० दिवसांत तयार होते. भोगीपासून मागे मोजून व थंडीपायी आठवडाभर अधिक धरून तिची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करावी. पेरणी लांबविल्यास उगवणही लांबते. जमिनीचे तापमान २५ अंश असता गाजर सुमारे ६ दिवसांत उगवते, २० अंशांवर ७, १५ अंशांवर १० व १० अंशांवर तब्बल १७ दिवस घेते. या अवधीत तण पुढे जाते.

मुळ्याच्या बाबतीत जातीचा हंगाम पाळणे अत्यंत आवश्यक आहे. पुसा चेतकी ही उष्ण हंगामासाठी व पुसा हिमानी ही थंडीसाठी काढलेली जात आहे. दुकानात उपलब्ध असलेले कोणतेही बी कोणत्याही महिन्यात पेरणे हे डेंगळ्यांचे एक प्रमुख कारण होय. बी घेताना पिशवीवरील जात व हंगाम वाचून घ्यावा व पिशवी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी.

घरचे बी. देशी गाजराचे बी धरावयाचे असल्यास लवकर फुललेल्या झाडांचे बी कधीही ठेवू नये. सर्वांत आधी व सहज मिळते म्हणून तेच बी ठेवण्याकडे कल असतो. परंतु त्यामुळे दरसाल अधिकाधिक लवकर डेंगळे देणारा वाण आपण आपल्याच हाताने निपजवितो. याऐवजी पीक उपटून, न फुललेली, सरळ, चांगल्या रंगाची व बारीक गाभ्याची गाजरे निवडावीत. शेंड्याकडील कोंब राखून, पाला थोडा ठेवून व खालचा भाग छाटून ती पुन्हा लावावीत. गाजराचे परागीकरण कीटकांकडून होत असल्याने दुसऱ्या जातीचे फुललेले गाजर निदान एक किलोमीटरच्या आत नसावे.

दुसरे कूळ : रताळे, हळद व आले

रताळे मूळचे उष्ण अमेरिकेतील. त्याच्या वाढीस २१ ते २९ अंश तापमान मानवते. १५ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. थंडीची गोडी रताळ्यास लाभदायक होईल म्हणून ते थंडीत पोसू द्यावे, हा समज गाजरावरून काढलेला आहे व तो रताळ्यास लागू पडत नाही.

लागवड. महाशिवरात्रीच्या उपवासासाठी रताळ्यास चांगला भाव येतो. हा सण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो. कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अश्विनीसारख्या जाती एरव्ही साडेतीन ते चार महिन्यांत तयार होतात. परंतु मधले दोन महिने थंडीचे असल्याने पंधरा-वीस दिवस अधिक धरावेत. वेल लावल्यापासून चार ते आठ आठवड्यांत कंद धरतात. हे काम थंडीपूर्वी आटोपावे म्हणून लागवड सप्टेंबर अखेरपर्यंत पुरी करावी. दिवाळीनंतर लावलेल्या वेलास पाने येतील, पण ऐन कंद धरण्याच्या वेळी गारठा गाठील.

लागवड सरी-वरंब्यावर करून दीड ते दोन महिन्यांनी मातीची भर द्यावी. आपली काळी जमीन ओल कमी होताच भेगाळते. या भेगांतून गार हवा कंदापर्यंत पोहोचते व सोंड्या भुंगाही त्याच वाटेने शिरतो. मातीची भर दिल्याने दोन्ही संकटांना एकदम अटकाव होतो.

काढणी व साठवण. रताळ्याची सर्वांत मोठी हानी शेतात नव्हे, तर काढणीनंतर होते, व ती लगेच दिसत नाही म्हणून तिचे कारण उमगत नाही. १२ ते १३ अंशांच्या खाली काही रात्री राहिलेले रताळे बाहेरून निकोप दिसते. पुढे उबदार जागी आल्यावर मात्र गर काळवंडतो, साल खचते, कूज लागते; शिजविल्यावरही मध्यभाग कठीण राहतो. बाजारात पाठविण्याकरिता काढलेला ढीग दोन-चार रात्री उघड्या शेतात राहिला असेल, तर व्यापाऱ्याकडे गेल्यावर कुजू लागलेल्या मालाचा दोष बेण्याला किंवा खताला देण्यापूर्वी त्या रात्रींचे तापमान आठवावे. बटाट्याच्या शीतगृहात २ ते ४ अंश तापमान असते; तेथे रताळे ठेवणे म्हणजे ते हेतुपुरस्सर नासविणे होय. घरातील शीतकपाटासही हेच लागू आहे. गाजर मात्र शून्य अंशाजवळ व भरपूर दमटपणात महिनोन् महिने टिकते. एकाच गाडीतून आलेल्या या दोन जिनसांना एका खोलीत ठेवू नये, यावरून दोन कुळांतील भेद पुरता स्पष्ट होतो.

रताळे दुपारी, ऊन असताना काढावे. कंदास जखमा होऊ न देता त्याच दिवशी ते आडोशाला न्यावे. सुमारे ३० अंश ऊब व दमटपणा मिळेल अशा जागी, ओलसर गोणपाटाने झाकून चार ते सात दिवस ठेवल्यास जखमांवर नवी साल धरते. ढोकीच्या फेब्रुवारीतील दुपारी एवढी ऊब छपरात सहज मिळते. रात्री मात्र दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. त्यानंतर माल १३ ते १६ अंशांच्या, हवेशीर पण वारा थेट न लागणाऱ्या जागी ठेवावा.

हळद व आले. हळदीची पाने हिवाळ्यात पिवळी पडून वाळतात. लागवडीस आठ-नऊ महिने झाले असतील तर ती पक्वतेची खूण समजावी. मात्र सरीतील केवळ सखल भागातील पाने एका रात्रीनंतर भाजल्यासारखी दिसली तर ती थंडीची इजा होय. आल्याचे व हळदीचे बेणे थंड जागी उघडे न ठेवता सावलीत, पाल्याने झाकून ठेवावे.

कडाक्याच्या रात्री करावयाचे उपाय

१) दुपारी हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती हळूहळू सोडते. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, हाही लाभ होतो. पाणी सरीतून अथवा ठिबकने द्यावे, पानांवर उडवू नये. ओल्या पानांवरील पाण्याची वाफ होताना ती अधिकच गारठतात.

२) कडाक्याच्या दिवसांत खुरपणी वा कोळपणी करू नये. भुसभुशीत केलेली वरची माती खालची ऊब वर येऊ देत नाही.

३) उसाचे पाचट ढोकी परिसरात मुबलक मिळते, पण त्याचा वापर विचाराने करावा. पाचटाने झाकलेल्या जमिनीतील कंद उबदार राहतो. परंतु जमिनीची ऊब पाचटाखालीच अडकल्याने वरची पाने अधिक थंड होतात. म्हणून पोसलेल्या रताळ्याच्या वरंब्यावर पाचट जरूर घालावे. कोवळ्या रोपांच्या ओळींत मात्र कडाक्याच्या दिवसांत ते बाजूस सारावे.

४) शेताच्या उत्तर व पूर्व बाजूस शेवरीची दाट ओळ लावल्यास गार वारा अडतो. मात्र उताराच्या खालच्या अंगास आडोसा इतका दाट नसावा की थंड हवा शेतातच कोंडून राहील.

५) शेकोट्या व धूर यांवर फारसे विसंबू नये. धुराने जमिनीची उष्णता फारशी अडत नाही. पाचट जाळून धूर करण्यापेक्षा ते कुजवून खत करणे अधिक हितावह आहे.

थंडीच्या लाटेची पूर्वसूचना हवामान खात्याकडून मिळते. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हवामानावर आधारित सल्ला प्रसिद्ध करते. तो गावाच्या फळ्यावर लिहून ठेवण्याचे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावे. अधिक माहितीसाठी तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

शेतात करून पाहावयाचा पडताळा

गावातील दोन शेते निवडावीत, एक माळावरचे व एक ओढ्यालगतचे. दोन्हींकडे साधा उष्णतामापक पिकाच्या उंचीवर लावून डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयापूर्वी नोंद घ्यावी. गाजराच्या एकाच जातीच्या तीन ओळी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेराव्यात व प्रत्येकीतील शंभर झाडांपैकी किती झाडांस डेंगळे आले ते मोजावे. काढलेल्या रताळ्यांपैकी दहा घरात व दहा अंगणात तीन रात्री ठेवून, पंधरा दिवसांनी कापून पाहावीत. दोन हिवाळ्यांच्या अशा नोंदी गावाच्या स्वतःच्या होतील व पेरणीची तारीख ठरविताना त्या दूरच्या कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१) गाजर, मुळा व बीट यांना थंडी हवी, त्यांचे भय डेंगळ्यांचे. रताळे, हळद व आले यांना थंडी नको. त्यांचे भय कुजीचे.
२) लवकर फुललेल्या झाडाचे बी ठेवू नये.
३) सकाळी माना टाकलेल्या पिकास पाणी देण्यापूर्वी ओल तपासावी.
४) काढलेले रताळे एकही रात्र उघड्यावर ठेवू नये.
५) सखल शेतात रताळे लावणे शक्यतो टाळावे, तेथे गाजर किंवा बीट घ्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या शिवारात सर्वांत अधिक गारठणारी जागा कोणती? तेथे सध्या कोणते पीक घेतले जाते?
२) गेल्या हंगामात गाजरास किंवा मुळ्यास डेंगळे आले असल्यास, बी कोणत्या जातीचे व पेरणी कोणत्या तारखेची होती?
३) गावातील रताळी काढणीनंतर बाजारात जाईपर्यंत किती रात्री व कोठे राहतात?
४) खोबरेल व करडई तेलाचे उदाहरण आपल्या शेजाऱ्यास आपण कसे समजावून द्याल?